एश्रेफची रीतसर उडी

टेलिफोनवर बोलताना माणसाने क्रियापदाच्या काळाकडे नीट लक्ष द्यावं, ही गोष्ट एश्रेफला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळली. पलीकडे त्याची मुलगी सबीना होती, ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावातून बोलत होती. तिची मुलगी उना, वय वर्षं पंधरा, दर हिवाळ्याच्या सुट्टीत बोस्नियातल्या सारायेवोला आजोळी यायची, पण गेले दोन हिवाळे आली नव्हती. तिला स्नोबोर्डचं वेड लागलं होतं. साधं घसरणं नव्हे, बोर्डासकट हवेत उडी घ्यायची, गिरकी मारायची आणि मग जमिनीला लागायचं. त्यासाठी बर्फाचे खास बांधलेले उंचवटे लागतात, आणि ते आल्प्समध्ये म्हणे पावलोपावली असतात.

"तिकडे येऊन ती दहा दिवस काय करणार, बाबा? तुझं घोरणं मोजणार?" सबीनाने विचारलं. त्यावर एश्रेफ म्हणाला, "अगं, आपल्या घरामागे उंचवटा आहे की." त्याला खरं म्हणजे 'बांधता येईल' असं म्हणायचं होतं. पण तोंडातून 'आहे' निघून गेलं, आणि निघालेला शब्द मागे घेण्याची त्या घराण्यात पद्धत नव्हती. सबीना म्हणाली, "ठीक आहे, पाठवते. पण आत्ताच सांगून ठेवते. एक बँडेज लागलं, एक जरी, तर पुढच्या हिवाळ्याचं नाव काढायचं नाही."

फोन ठेवल्यावर एश्रेफची बायको झुम्रा आधी आनंदाने रडली आणि मग खिडकीतून मागे बघत म्हणाली, "कुठाय रे उंचवटा?" उना यायला नऊ दिवस होते.

घरामागे होती ती एक उतरण. खाली विहीर, वर पडका बांध, आणि मध्ये एके काळी आलुबुखारची अकरा झाडं. ती झाडं गावाला वेढा पडला होता त्या हिवाळ्यांत चुलीत गेली. त्या हिवाळ्यांबद्दल मोहल्ल्यात कुणी बोलत नाही, त्यामुळे आपणही बोलू नये. त्याआधी मात्र ही उतरण म्हणजे मोहल्ल्यातल्या पोरांचं राज्य होतं. डिसेंबरात बर्फ पडला की सगळी पोरं फावडी घेऊन जमायची, बर्फ रचायची, लाथांनी थापायची, वर पाण्याच्या बादल्या ओतायची, आणि लोखंडी पट्टीच्या लाकडी घसरगाड्यांवरून उडायची. तेव्हाचा बर्फही वेगळा होता, यावर एश्रेफची श्रद्धा होती. देश फुटण्याआधीच्या जुन्या राज्यात बर्फसुद्धा दर्जेदार पडत असे, घट्ट, कोरडा आणि वेळेवर. हल्ली पडतो तो बर्फ नुसता हजेरी लावून जातो.

वेळेवर हा शब्द एश्रेफच्या फार जिव्हाळ्याचा. तो आयुष्यभर ट्रॅम कंपनीत वेळापत्रकं बनवत होता. चौऱ्याऐंशी साली गावात ऑलिम्पिक झालं, तेव्हाचं ट्रॅमचं वेळापत्रक त्याच्या हातचं. सगळे खेळ होईपर्यंत सारायेवोच्या ट्रॅम ठरल्या मिनिटाला सुटत होत्या, आणि असं काही त्या गावात त्याआधी घडलं नव्हतं, त्यानंतरही नाही. ते वेळापत्रक चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावलेलं होतं. पाहुण्याला सपाता दिल्या की आधी तिथे न्यायचं, मग कॉफी.

एश्रेफने फावडं उचललं त्याला पाच मिनिटंही झाली नसतील, तोच डावीकडच्या घरातून स्लाव्को आला. स्लाव्को म्हणजे त्याचा बालमित्र, पोस्टातून निवृत्त. ऑलिम्पिकच्या वेळी तो स्की-उडीच्या टेकडीखाली झेंडा घेऊन उभा असायचा. खालची जागा मोकळी झाली की झेंडा वर, मग वरचा खेळाडू निघणार. त्या कामासाठी मिळालेलं निळं जाकीट त्याने पस्तीस वर्षं अंगातून काढलेलं नव्हतं. त्याने आधी झेंड्याबद्दल विचारलं. मग बर्फाच्या ढिगाला एक प्रदक्षिणा घालून म्हणाला की, एक मीटरच्या वर काहीही बांधायचं तर नगरपालिकेची परवानगी लागते, आणि उद्या काही झालंच तर सबीना विचारेल, कागद कुठाय.

दुसरा कुणी असता तर हसला असता. पण एश्रेफ नियमाने चालणारा माणूस, आणि त्यातून ते बँडेजचं भूत मानगुटीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकी क्रमांक चारसमोर उभा राहिला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, बांधकाम कायमचं की तात्पुरतं? मार्चात वितळेल, एश्रेफ म्हणाला. म्हणजे तात्पुरतं. तात्पुरत्यात त्यांच्याकडे तीनच प्रकार होते: कॉफीच्या दुकानाची बाहेरची टेबलं, आइस्क्रीमची गाडी आणि कोंबड्यांचं खुराडं. साहित्य कोणतं? बर्फ. कुणाचा? इथे एश्रेफने नको तितका खरेपणा केला. अर्धा माझ्या जागेतला, म्हणाला, आणि अर्धा गल्लीतून हातगाडीने आणलेला. बाईंनी चष्मा काढला. गल्लीतला बर्फ नगरपालिकेचा, त्या म्हणाल्या. पण तुम्ही तो कधी उचलत नाही, एश्रेफ म्हणाला. "उचलत नसलो तरी आमचाच आहे," बाई म्हणाल्या.

पुढे असं निघालं की उडी मारणारा माणूस काही काळ हवेत असतो, आणि नगरपालिकेचा अंमल जमिनीपुरता. हवेचं प्रांताच्या कार्यालयात विचारा. प्रांताच्या कार्यालयाने विचारलं, हवेत किती वेळ? अर्धा सेकंद म्हटल्यावर ते म्हणाले, एवढ्याशासाठी आम्ही फाइल उघडत नाही, ती जमीनच समजा. असे दोन दिवस गेले. शेवटी खिडकी क्रमांक चारच्या बाईच कंटाळल्या. खाली वाकून हळूच म्हणाल्या, "काका, खुराड्याचा फॉर्म भरा. मी शिक्का मारते." अशा रीतीने एश्रेफच्या हाती रीतसर कागद आला: बर्फाचे कोंबड्यांचे खुराडे, तात्पुरते, तीस पक्ष्यांसाठी. कागद खोटा होता याचं त्याला वाईट वाटलं, पण शिक्का खरा होता.

उना आली ती सकाळच्या बसने. उंच झालेली, कमी बोलणारी, पाठीवर स्वतःपेक्षा लांब पिशवी. आजीने दारातच तिच्या कॉलरमधून आत हात घालून बंडी घातली आहे की नाही ते पाहिलं. बुरेकचा पहिला घास पोटात गेल्याबरोबर एश्रेफ तिला मागे घेऊन गेला. उनाने उंचवटा वरून पाहिला, बाजूने पाहिला, मग खाली उतरून, जिथे उडी संपणार तिथे टाच आपटून पाहिली.

"आजोबा, हे कुणी बांधलं?"

"मी," एश्रेफ छाती काढून म्हणाला.

"इथून उडाल्यावर उतरायचं कुठे?"

"तू उभी आहेस तिथे."

मग उनाने त्याला समजावून सांगितलं, आणि तेही फार मायेने. म्हणूनच ते जास्त लागलं. उंचवट्याची धार इतकी उभी आहे की ती माणसाला पुढे न टाकता मागे पाठीवर टाकेल. आणि खालची जागा सपाट. सपाटीवर पडलं की सगळा मार गुडघ्यांत आणि कण्यात जातो. खाली उतार असला तर उतार माणसाला आपल्याबरोबर घेऊन जातो, मार लागत नाही. उडी बांधताना आधी उतरायची जागा बांधायची, मग उडायची.

"आम्ही वीस वर्षं इथूनच उडत होतो," एश्रेफ म्हणाला.

"मग काय झालं?"

काही झालं नाही, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. आणि मग त्याला एकेक आठवू लागलं. स्लाव्कोचे पुढचे दोन दात. मिर्साद नावाच्या पोराचं गळ्याजवळचं हाड. शेजारच्या बेहियाचा भाऊ तीन महिने काठी घेऊन चालत होता तो. आणि त्याचा स्वतःचा डावा गुडघा, जो आजही हवामान खात्याच्या एक दिवस आधी पाऊस सांगतो. इतकी वर्षं हे सगळं त्याने आनंदाच्या आठवणींत जमा करून ठेवलं होतं. त्याने फावडं तिच्या हातात दिलं.

तीन दिवस दोघं मिळून खपली. एश्रेफला नंतर वाटायचं की त्या सगळ्या प्रकरणात खरी मजा होती ती तीन दिवसांचीच. उना धार कमी करत होती, तो खालचा उतार वाढवत होता, अधूनमधून झुम्रा गरम दूध आणून देत होती, आणि बांधाच्या वर बसून तो नातीला सांगत होता की, इथे कोणतं झाड होतं, कुठल्या फांदीला कुणाची टोपी अडकली होती. उना ऐकत होती. पंधरा वर्षांचं माणूस म्हाताऱ्याचं ऐकतं आहे, हे किती दिवस टिकणार याची त्याला कल्पना होती, म्हणून तो भराभर सांगत होता.

सुरक्षेबाबत मोहल्ल्यात दोन पंथ पडले. उनाचा पंथ हेल्मेट, पाठीचं कवच आणि मनगटाच्या पट्ट्या यांचा: आधी जागा बघा, मग लहान उडी, मग मोठी, दमलात तर थांबा. दुसरा पंथ झुम्रा आणि उजवीकडची म्हातारी शेजारीण बेहिया यांचा. त्यांच्या मते पडून कुणी मरत नाही. माणूस मरतो तो झोताच्या वाऱ्याने, ओल्या केसांनी, गार दगडावर बसल्याने आणि बंडी पँटमध्ये न खोचल्याने. बेहियाने आपल्या सासरची चार नावं सांगितली, जी समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्यांमुळे गेली. उनाने मुकाट्याने बंडी खोचली. एश्रेफने दोन्ही पंथांचे नियम टंकून काढले आणि सोबत उड्यांचं वेळापत्रकही जोडलं: दहा वाजता पाहणी, दहा-दहाला पहिली उडी.

राहिला प्रश्न इशाऱ्याचा. उडणारा वर उभा असतो, त्याला उंचवट्याच्या पलीकडचं दिसत नाही. म्हणून धारेपाशी एक माणूस हवा, ज्याला वरचंही दिसेल आणि खालचंही. उनाच्या क्लबात म्हणे एक हात वर म्हणजे जागा मोकळी, दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे म्हणजे थांब. स्लाव्को म्हणाला, झेंडा. एश्रेफला दोन्ही पटेनात. खाणाखुणा मुक्यांनी कराव्यात, देवाने तोंड कशाला दिलंय? जागा मोकळी झाली की मी ओरडेन, 'हायदे'. उना म्हणाली, बरं. हा शब्द तिला चांगला ठाऊक होता. तिची आई रोज सकाळी तोच ओरडून तिला शाळेसाठी उठवायची.

आता हा 'हायदे' मराठी माणसाला समजवायची गरज नाही, कारण तो आपला 'चल' आहे. चल म्हणजे ये, चल म्हणजे जा, चल म्हणजे निघूया, चल म्हणजे पुरे कर, आणि चल म्हणजे काहीतरीच काय. बोस्नियातला माणूस दिवसात दोनशे वेळा हायदे म्हणतो आणि ऐकणाऱ्याला दोनशेही वेळा बरोबर कळतं. मात्र ऐकणारा त्या मातीत वाढलेला हवा. उना ग्राझमध्ये वाढली होती. तिच्या वाट्याला त्यातला एकच हायदे आला होता. ही गोष्ट आजोबांच्या लक्षात आली नाही, आजीच्या नाही आणि स्लाव्कोच्याही नाही.

शनिवारी स्वच्छ ऊन पडलं. समोरचा त्रेबेविच डोंगर पार माथ्यापर्यंत दिसत होता. सगळा मोहल्ला स्टुलं घेऊन बांधाशी जमला. उनाने आधी न उडता बाजूने घसरत सगळी जागा पाहून घेतली, मग एक लहान उडी मारली, मग जरा मोठी. तिसऱ्या वेळी तिने हवेत अर्धी गिरकी घेतली आणि खाली अलगद उतरली, तेव्हा स्लाव्कोने निळ्या जाकिटाच्या बाहीला डोळे पुसले आणि ऊन फार आहे म्हणाला. एश्रेफ धारेपाशी उभा होता. इतकी माणसं एकत्र हसताना त्या उतरणीवर त्याने कधी पाहिली होती, ते त्याला आठवेना. तो सुखात होता.

उना पुन्हा वर चढली. आणि नेमकी तेव्हाच बेहिया घरातून कॉफीचा ट्रे घेऊन निघाली. जमलेल्या माणसांना कॉफीशिवाय बघणं तिच्या डोळ्यांना जमत नसे. तिच्या दारापासून माणसांपर्यंत सगळ्यात जवळचा रस्ता जिथे उडी संपते तिथून जात होता, आणि ती त्या रस्त्याने साठ वर्षं चालत आली होती. मध्यावर येऊन ती साखर मोजायला थांबली.

"हायदे, बेहिया," एश्रेफ म्हणाला. ती हलेना. "अगं हायदे, हायदे," तो ओरडला. यातला पहिला होता 'बाजूला हो', दुसरा 'लवकर', आणि तिसरा 'काय ही बाई'. वर बेहियाचं नाव वाऱ्याने नेलं आणि हायदे तेवढे पोचले.

बोर्डाची सळसळ ऐकून एश्रेफ वळला. उना निघाली होती. त्या क्षणी त्याला देवाने दिलेलं तोंड आठवलंच नाही. तो धारेवर मधोमध उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले. उनाने पाहिलं, बोर्ड आडवा घातला, बर्फाचा फवारा उडाला आणि ती थांबली. म्हणजे जवळजवळ थांबली. शेवटच्या हातभर अंतरात बोर्डाची कड आजोबांच्या पायांना अगदी हलकेच लागली.

एश्रेफ उडाला. त्याच्या सांगण्यानुसार वरून त्याला सगळं गाव दिसलं, नदी दिसली, आणि नदीकाठची ट्रॅम सतरा मिनिटं उशिरा जाते आहे हेही दिसलं. मग तो खाली आला तो बरोबर उनाने सांगितलेल्या आणि त्याने स्वतः थापलेल्या उतारावर. त्या उताराने त्याला आपल्याबरोबर घेतलं आणि बेहियाच्या पायांपाशी नेऊन सोडलं. ट्रेमधला एक थेंब सांडला नाही. स्लाव्कोने पावलांनी अंतर मोजलं आणि चार मीटर वीस असं जाहीर केलं. झुम्रा धापा टाकत आली, तिने नवऱ्याच्या कॉलरमधून हात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बंडी नाही घातलेली."

मनगटाचं हाड मोडलं होतं. इस्पितळात प्लास्टर घालणाऱ्याने विचारलं, कशावरून पडलात? एश्रेफने खरं सांगितलं. त्याने जन्मतारीख पाहिली, एश्रेफकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं. तेव्हा एश्रेफने खिशातला शिक्क्याचा कागद काढून दिला, आणि नोंद झाली: खुराड्यावरून पडून.

घरी येऊन तो खिडकीपाशी बसला. हात दुखत होता, पण डोक्यात विचार हाताचा नव्हता. ही पोरगी आता येणार नाही. आल्प्समध्ये जाईल, मग कॉलेजात जाईल, मग कुठे जाईल देव जाणे, आणि इथली बोली विसरून जाईल. जेमतेम तीन दिवस मिळाले, तेही आपण एका शब्दापायी घालवले. झुम्राने सुचवलं की फोनवर बोलताना हात टेबलाखाली ठेव. त्याने ठेवला. संध्याकाळी सबीना फोनच्या पडद्यावर आली, तिने हवापाणी विचारलं, उनाला नखशिखांत न्याहाळलं आणि मग वडिलांकडे बघतच राहिली.

"बाबा, कॉफी डाव्या हाताने कधीपासून पितोस?"

त्याने कप खाली ठेवला.

"दुसरा हात वर कर."

प्लास्टर वर आलं. सबीनाने काही विचारायच्या आत उना बोलू लागली. चूक माझी आहे, ती म्हणाली, जागा पुन्हा स्वतः बघायला हवी होती, नुसत्या आवाजावर निघायचं नसतं. एश्रेफ म्हणाला, चूक तिची नाही, हायदे मी म्हणालो. सबीनाने विचारलं, कुठला हायदे? बेहियाला म्हणालो, एश्रेफ म्हणाला, जा-वाला, आणि हिने ऐकला ये-वाला. पडद्यावर सबीनाचे खांदे हलू लागले. ती हसते आहे की रडते आहे हे कळेना. मग तिने डोळे पुसले.

"मी सांगितलं होतं, बाबा. एक बँडेज."

"ते मला लागलंय. तिच्या अंगावर ओरखडा नाही."

"तिलाच लागलं तर, असं मी कुठे म्हटलं होतं?"

झुम्राचा फोन धरलेला हात खाली आला, आणि सबीनाला बराच वेळ छत दिसत राहिलं.

"उना पुढच्या हिवाळ्यात एकटी येणार नाही," सबीना म्हणाली.

"बरं," एश्रेफ म्हणाला. त्याला फक्त 'येणार नाही' एवढंच ऐकू आलं होतं. उनाने मात्र आजीच्या हातातून फोन घेतला आणि नीट आजोबांच्या तोंडासमोर धरला.

"बाबा, उंचवटा विहिरीच्या वरच्या अंगालाच बांधलायस ना? मी घसरगाडीवरून उडायचे तिथे?"

"तिथेच."

"मग पुढच्या वेळी खालचा उतार दोन मीटर वाढव. तेव्हा मी बावीस किलोची होते."